लांबची हाक

८ जानेवारी, सोमवार

स्वयंपाकघरात बसलोय, कुकर लागलाय.

नवी तुकडी आली. बावीस जण! सात आठवड्यांत यांच्या जिभा सरळ करायच्या आणि फोनवर बसवायचं. लोकांचं वॉशिंग मशीन अडतं, फ्रिज गार होत नाही, की ते आमच्या कंपनीला फोन लावतात. त्यांना समोरून स्वच्छ, सपाट, कुठल्याच गावचा नसलेला आवाज ऐकू यावा म्हणून मला पगार मिळतो.

पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला खोट्या ग्राहकाचा फोन देतो. एकवीस जण 'नमस्कार' म्हणाले. बाविसावी, तेवीस-चोवीसची बारीक मुलगी, तिने रिसीव्हर कानाला लावला आणि म्हणाली, "खिडकीजवळ बसलेय, बोला."

वर्ग फुटला. मागून एकाने विचारलं, पडदा कोणत्या रंगाचा आहे. पुन्हा हशा. दुपारच्या चहापर्यंत तिचं बारसं झालंसुद्धा — खिडकीवाली.

मी हसलो नाही. हसायला हवं होतं. पेनाचं टोपण शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकलो आणि बराच वेळ वाकलेलाच राहिलो.

ती आमच्याकडची आहे.

९ जानेवारी, मंगळवार

ऑफिसच्या जिन्यात बसलोय, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. जेवणाची सुट्टी.

कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहितो. वहीला हेल ऐकू येत नाही, हा तिचा मोठा गुण. कागदावर मी कुठलाही नाही.

मी नदीपलीकडचा. सव्वीस वर्षं झाली ते पाणी ओलांडून. पूल तेव्हाही होणार होता, आजही होणार आहे. तिथे घरं लांब लांब, मध्ये पाणी, आणि माणूस माणसाशी बोलतो तो मुळी ओरडूनच. आम्ही त्याला हाळी म्हणतो. वाक्याचं शेवटचं अक्षर वर चढतं, तिथे जरा रेंगाळतं, मग सावकाश उतरतं. आणि सवय अशी लागते की हातभर अंतरावरून मीठ मागतानाही ते तसंच चढतं. इथल्या लोकांना वाटतं हा माणूस सगळं विचारतोच आहे, सांगत काहीच नाही.

दुसरी खोड म्हणजे, आपण कुठे आहोत ते आधी सांगायचं आणि मग बोलायचं. पलीकडच्याला दिसत नसतं ना! 'गोठ्यात आहे', 'माडीवर आहे', 'दारात आहे, बोला'. फोन आले तरी ते सुटलं नाही.

आणि तिसरी, हाळी आली की ओ द्यायची. भांडण असलं तरी. तोंडात घास असला तर गिळून. कुणाची हाळी तशीच पाण्यावर सोडून देणं, याच्याइतकं हलकं काम नाही, असं आप्पा, माझे वडील, सांगायचे. मला त्यांनी आयुष्यात एकदाच मारलं, ते त्यापायी.

पहिल्या मुलाखतीत तिघे बसले होते. मी माझं नाव सांगितलं. मधला म्हणाला, "सांगताय की विचारताय?" तिघेही हसले. वाईट नव्हते ते. एकाने तर पाणी पुढे केलं. पण मी त्या दिवशी ठरवलं. दोन वर्षं दातांत पेन्सिल धरून बातम्यांच्या मागे मागे बोललो. करपलेल्या पातेल्याचं बूड घासावं तसा तो आवाज घासून काढला. आज आमच्या कंपनीला फोन केला की 'आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, कृपया थांबा' असं जो सांगतो, तो मी. नऊ वर्षं मीच.

इथे कुणालाही ठाऊक नाही. आता ही आली आहे आणि हिला कान आहेत.

१२ जानेवारी, शुक्रवार

जेवणाच्या टेबलाशी बसलोय, ताटं अजून तशीच.

आज जेवताना खिडकीवालीची नक्कल केली. 'माझी वही राहिलीऽ' — एवढंच. मुलीला ठसका लागला हसून. "बाबा, किती हुबेहूब करता! पुन्हा करा ना." मी पुन्हा केली. तिसऱ्यांदाही. छान वाटलं, लाज वाटावी इतकं छान वाटलं. सव्वीस वर्षांनी पाय पसरून बसायला मिळावं तसं.

बायको हसली नाही. मुलगी उठून गेल्यावर म्हणाली, ती तुमच्याच बाजूची दिसते. मी म्हटलं, त्या बाजूला काय कमी गावं आहेत. तिने ताटं उचलली नाहीत, तशीच टाकून गेली.

१४ जानेवारी, रविवार

गाडीत बसलोय, तळघरात, काचा वर.

रविवारचा फोन इथूनच करतो. घरातून केला तर सवयीने जीभ घसरेल आणि मुलगी ऐकेल. आप्पांकडे फोन नाही, शेजारच्या काकूंकडे लावावा लागतो. काकूंचं ठरलेलं — "दारात आहे, बोल." मी 'हॅलो' म्हणतो. मी कुठे आहे ते सांगत नाही. काय सांगू, तळघरात लपलोय?

आप्पा आजही फोनवर आले नाहीत. ऑक्टोबरपासून हेच चाललंय. 'बाहेर बसलेत', 'झोप लागलीय', 'आत्ताच डोळा लागला'. मी काय दूधखुळा आहे? राग आहे तो. ऑक्टोबरात शेवटचे बोलले तेव्हा आवाज घोगरा होता, मध्येच खोकत होते. म्हणाले, दोन दिवस येऊन जाऊ का, नातही दिसेल, एक काम पण आहे शहरात. काम कसलं असणार — चष्मा नाहीतर चपला! नेमक्या त्या आठवड्यात ऑफिसच्या मोठ्या मॅडम आमच्याकडे जेवायला यायच्या होत्या. टेबलाच्या एका टोकाला मॅडम आणि दुसऱ्या टोकाला आप्पा 'वाढ की अजूनऽ' म्हणून हाळी देतायत, असं चित्र डोळ्यांसमोर आलं. मी म्हटलं, आत्ता नको, जागेची अडचण आहे, मागाहून बघू. 'बरं' म्हणाले.

एवढ्याचा एवढा राग! रुसायचं वय आहे का हे?

१७ जानेवारी, बुधवार

वर्गात मागच्या बाकावर बसलोय, त्यांचा लेखी सराव चाललाय.

आज खिडकीवालीने 'खिडकीजवळ बसलेय' म्हटलं नाही. 'टेबलाशी बसलेय' म्हणाली. प्रगती!

२४ जानेवारी, बुधवार

जिन्यात आहे.

नियम माझाच आहे, जुना. कुणाचा हेल निघाला की बाकीच्यांनी पेन्सिल बाकावर आपटायची. एकदाच, टक. बोलणाऱ्याने वाक्य पुन्हा म्हणायचं. सगळ्यांना मजा वाटते, म्हणून लवकर सुधारतात. मॅडम पाहुण्यांना आणून दाखवतात हा प्रकार.

खिडकीवालीला आज एका परिच्छेदात एकोणीस टकटकी पडल्या. बाकीची पोरं शेवटी शेवटी ती तोंड उघडायच्या आधीच पेन्सिल उचलून बसली होती. ती थांबायची, टक होऊ द्यायची, पुन्हा म्हणायची. रडली वगैरे नाही. रडली असती तर मी थांबवलं असतं, असं म्हणतो खरं.

मला सतावतं ते वेगळंच. ती माझ्याकडे बघत राहते. रागाने नाही. पंगतीत पान मांडलंय आणि वाढायला कुणी येत नाही, तशी. मी नजर फिरवतो. काय हवंय काय हिला?

काल कॅन्टीनमध्ये समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, सर, तुम्ही मूळचे कुठले? मी शहराचं नाव सांगितलं. ती 'हो का' म्हणाली आणि तिथेच थोडा वेळ उभी राहिली.

१ फेब्रुवारी, गुरुवार

पार्किंगमध्ये उभा आहे, बॉनेटवर वही.

आजपासून खरे फोन. खिडकीवालीला एक म्हातारी मिळाली. मशीन पाणी सोडत नव्हतं, पण तक्रार बाजूलाच. बाई एकटी राहते, मशीनवाला आला की तेवढंच कुणी बोलायला. बाकीच्यांनी तिला तीन मिनिटांत वाटेला लावली असती. ही म्हणाली, "आजी, तुम्ही कुठे बसलाय? उठू नका, मी सांगते तसं बघा." अकरा मिनिटं. मशीन सुरू झालं. संध्याकाळी म्हातारीचा पुन्हा फोन — मशीन ठीक आहे, पण त्या मुलीशी बोलायचंय, ती 'कुठे बसलाय' विचारणारी.

मॅडम खूश. म्हणाल्या, हिच्यात काहीतरी आहे. मी म्हटलं, हेल आहे.

हसल्या. मी चेष्टा करत नव्हतो.

४ फेब्रुवारी, रविवार

गाडीत बसलोय, काचा वर.

आप्पा नाहीतच. काकू म्हणाल्या, तुझ्या कंपनीचा नंबर मिळालाय आप्पांना, दिवसातून एकदा माझ्या फोनवरून लावून घेतात, तुझं ते 'कृपया थांबा' ऐकतात आणि ठेवून देतात. मी विचारलं, मग माझ्याशी बोलायला काय होतं? काकू म्हणाल्या, "तिकडे आपल्याकडचं कुणी भेटतं का रे?"

मी म्हटलं, नाही. इथे कोण येतंय.

काकू म्हणाल्या, बरं, तब्येत सांभाळ.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

वर्गात एकटाच बसलोय, सगळे गेलेत.

आज तिला एकही टकटक पडली नाही. पूर्ण दिवस. आवाज सपाट, शब्द धुतलेले. मला दोन वर्षं लागली, हिने पाच आठवड्यांत केलं! आणि ते करून पुन्हा खिदळतेसुद्धा, फोन ठेवला की मैत्रिणींशी त्याच जुन्या हेलात बोलते. दाराशी चपला काढाव्यात तसा हेल काढते आणि जाताना पायात घालते. असं करता येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, चपला जाळाव्या लागतात.

दिवसभर डोकं फिरलेलं आहे. मुलीवर उगाच ओरडलो सकाळी.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमच्या केबिनबाहेर बाकावर बसलोय.

शेवटच्या परीक्षेचं विचारत होत्या. खिडकीवालीला 'लांबची हाक' माफ करूया का, फोनवर ती उत्तम आहे, आपण काय कुणाला लांबून हाका मारायला ठेवतोय?

लांबची हाक माझी. नऊ वर्षांपूर्वी मी काढली. व्हरांड्याच्या एका टोकाला, पाण्याच्या यंत्रापाशी, उमेदवार. दुसऱ्या टोकाला, जिन्याच्या दाराशी, मी. मध्ये पासष्ट पावलं. त्याने तिथून ओरडून एकच वाक्य म्हणायचं — 'माझं काम झालं आहे, मी खाली येतो आहे.' बस. खुर्चीत बसून कुणीही शुद्ध बोलेल. पण लांब उभं करून ओरडायला लावलं की आतला माणूस बाहेर येतो. आजवर एकदाही चुकली नाही. दुसऱ्या दोन कंपन्यांनी उचलली. मॅडम तिला शास्त्रीय म्हणतात! त्यांना काय सांगू, हे शास्त्र मी कुठे शिकलो.

मी म्हटलं, नियम सगळ्यांना एकच. त्या म्हणाल्या, तुम्ही म्हणाल तसं.

माझ्याही मनात काय होतं ते लिहूनच टाकतो. ती गेलेली मला हवी आहे. ती इथे राहिली तर वर्षभर, दोन वर्षं, रोज, त्या व्हरांड्यात माझ्या आसपास तो आवाज असणार. आणि एक दिवस मी ओ देणार.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

जिन्यात बसलोय.

लांबची हाक झाली.

अकरावा नंबर तिचा. ती पाण्याच्या यंत्रापाशी गेली, वळली. मी नेहमीसारखा हात वर करून इशारा दिला. तिने श्वास घेतला. सरावात चारदा म्हटलं होतं हे वाक्य, चारही वेळा पट्टीने आखल्यासारखं.

हाळी आली! पुरी, छातीतून, शेवटचं अक्षर उचलून पाण्यावर ठेवावं तशी. व्हरांड्याच्या काचा वाजल्या. आतल्या खोल्यांतून माना बाहेर आल्या. कुणीतरी हसायला सुरुवात केली. ती मात्र खाली बघत नव्हती की घाबरली नव्हती. हात बाजूला सोडून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. वाट बघत होती.

माझ्या घशात ओ येऊन बसली. खरोखर, अन्नाच्या घासासारखी. मी खोकलो. दोनदा खोकलो. मग कागदावर लिहिलं — दहापैकी दोन.

ती अजून तिथेच उभी होती. मी पुढचा नंबर पुकारला.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

घरी बाल्कनीत उभा आहे.

निकाल लागला. एकवीस जण ठेवले. मॅडमनी दोनदा विचारलं, तुम्हाला नक्की असंच वाटतं? पाच केलेत तरी ती बसते. मी म्हटलं, आज हिला सोडलं तर उद्या सगळ्यांनाच सोडावं लागेल. किती रुबाबात म्हटलं! माझा आवाज फार सुंदर लागला होता.

सोमवारी सामान परत करायला येईल.

२६ फेब्रुवारी, सोमवार

गाडीत बसलोय. सुरू केलेली नाही. फोनही करायचा नाही. नुसता बसलोय.

ती आली होती. मी माझ्या खोलीत कागद चाळत होतो. दार उघडंच होतं.

"काका, दारात आहे," ती म्हणाली.

काका! आणि आमच्या बोलीत, पण इतकी हळू की व्हरांड्यातल्या माणसाला ऐकू जाऊ नये. हाळीतलं बोलणं कुजबुजत बोललेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. माझं गुपित तिने असं दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून आणलं होतं.

हेडफोन टेबलावर ठेवला, वायर नीट गुंडाळलेली. म्हणाली, तुम्ही रविवारी जिच्या फोनवर बोलता ती माझी आजी. काकू म्हणता ना तुम्ही, ती. मी मामाकडे शिकायला होते म्हणून तुम्ही मला पाहिलेलं नाही. इथे नोकरी लागली तेव्हा आजीने बजावलं होतं — तिथे तुझे काका आहेत, पण ओळख आपण दाखवायची नाही, त्यांची अडचण होईल. ते आपणहून दाखवतील.

"सात आठवडे थांबले मी," ती म्हणाली.

मी म्हटलं, तू सरावात तर सरळ म्हणत होतीस. परीक्षेत मुद्दाम केलंस का?

ती म्हणाली, मुद्दाम कशाला करीन, मला नोकरी हवी होती. सरावात समोर मुली असायच्या. त्या दिवशी एवढ्या लांब घरचं माणूस उभं दिसलं आणि हाळी तोंडातून गेली. मग म्हणाली, ही परीक्षा तुम्हीच काढलेली ना? पहिल्या आठवड्यात तिचं ऐकलं तेव्हाच मला खात्री पटली. आपल्याकडच्या माणसाशिवाय ती कुणाला सुचली असती?

नऊ वर्षं मी त्या व्हरांड्यात स्वतःच्या नावाची पाटी लावून उभा होतो. वाचता येणारं कुणी आलं नव्हतं इतकंच.

मी म्हटलं, बस ना. ती बसली नाही. दाराशी जाऊन वळली. "कुणाला सांगणार नाही मी. पण आप्पांना भेटून या काका. ते फोनवर नाही यायचे."

मी विचारलं, एवढा राग आहे का त्यांचा? ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, आजीने शपथ घातलीय, मी काही बोलणार नाही, तुम्ही जाऊन या.

आणि गेली. बाहेर पोरांनी 'खिडकीवाली, येत जा गं' म्हणून हाका मारल्या. तिने प्रत्येकाला ओ दिली.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

स्वयंपाकघरात आहे.

ही वही पहिल्यापासून चाळली. कागदावर मी कुठलाही नाही, असं मोठ्या तोऱ्याने लिहून ठेवलंय. आणि प्रत्येक तारखेखाली पहिली ओळ काय? स्वयंपाकघरात बसलोय. जिन्यात आहे. गाडीत बसलोय. बाल्कनीत उभा आहे. एक दिवस सुटलेला नाही!

कुणाला सांगत होतो?

१ मार्च, शुक्रवार

पलंगावर बसलोय, बॅग भरून झाली.

बायकोला सगळं सांगितलं. खिडकीवाली, काकू, परीक्षा. वाटलं होतं, हादरेल. ती उशीला अभ्रा घालत होती. म्हणाली, तुमची ती बोली मला ठाऊक आहे, झोपेत तुम्ही तशीच बोलता, लग्न झाल्यापासून. मी म्हटलं, कधी बोलली नाहीस. म्हणाली, जागेपणी तुम्ही एवढा जीव काढत होतात, मग मी झोप कशाला मोडू?

मग म्हणाली, ऑक्टोबरात आप्पांना येऊ दिलं असतंत तर मॅडमना काय झालं असतं? मी म्हटलं, तेच तर, त्याचाच राग धरून बसलेत. रविवारी जातो, पाया पडतो, समजूत काढतो. म्हातारी माणसं, दोन शिव्या देतील आणि शांत होतील. शिव्या खायलाच चाललोय. त्या हाळीतल्या, पुऱ्या, लांब शिव्या.

बायको म्हणाली, तोंड उघडून ओ तरी द्या त्यांना.

मॅडमना आज पत्र लिहून दिलं की अकराव्या नंबरचे गुण माझ्या चुकीने कमी पडलेत. त्या म्हणाल्या, ती जागा भरली.

३ मार्च, रविवार

काठावर आहे. नाव पलीकडून यायची आहे.

हाळी दिली. निघाली ती फोनवरची सूचना, सपाट आणि स्वच्छ. शेजारी जाळं विणत बसलेल्या माणसाने मान वर केली. "पाहुणे, कुणाकडे?" मी पलीकडचं घर दाखवलं. म्हणाला, त्यांना बोलता नाही येत आता. नोव्हेंबरात घशाचं ऑपरेशन झालं, आवाजाची पेटीच काढली. शहरात आधी दाखवायचं होतं म्हणे, राहून गेलं. पण ओ देतात. कुणीही हाक मारू दे.

आप्पा पलीकडे दारात उभे आहेत. दोन्ही हातांनी पत्र्याचा एक तुकडा डोक्यावर धरलाय. त्यावर पांढऱ्या रंगाने एकच अक्षर आहे, हातभर मोठं, इथून वाचता येतं. खाली ठेवत नाहीत.

ओ.